हाक कुठवर पोचते?

तीन वर्षांपूर्वी उसाच्या गळिताच्या दिवसांत माझा चुलतभाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला. डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली. शहरातल्या एका इस्पितळात नेला. डोळे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही, चिमटा काढला तरी डोळा उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, कोमा. माझी काकी खाटेशी बसून त्याला घरची खबर सांगत राही. कुठली गाय व्याली, विहिरीवरची मोटर कुणी दुरुस्त केली, असलं काहीबाही. आणि आम्ही पुरुषमंडळी दाराबाहेर बोलत होतो, की हा काही उठत नाही, आता जमिनीचं कसं करायचं? हे बोलणं दाराबाहेर सुरू झालं आणि दोन दिवसांत खाटेपाशी येऊन पोचलं. त्याला कुठं ऐकू येतंय, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

पाचव्या दिवशी त्याच्या कानाची विजेच्या यंत्रावर तपासणी झाली. कागदावर पाच लहानसे उंचवटे उमटले. तपासणाऱ्याने सांगितले, 'ऐकण्याचा मार्ग चांगला आहे.' झालं! गावभर निरोप गेला, ऐकू येतंय, आता उठणार. काकीने देवीला तोरण बोललं. एकोणिसाव्या दिवशी भाऊ गेला.

त्या कागदाने काही खोटे सांगितले नव्हते. जो प्रश्न त्याला विचारलाच नव्हता त्याचे उत्तर आम्ही त्यातून वाचले होते. मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणजे मला तरी हे समजायला हवे होते. पण घरचे माणूस खाटेवर असले की एम.ए.ची पदवी घरी खुंटीला राहते.

तर माणूस बोलत नाही, हलत नाही, अशा वेळी आवाज त्याच्या आत कुठवर गेला हे कळते तरी कसे? मेंदूचे काम चालते त्यात वीज असते, अगदी थोडी. १९२४ साली जर्मनीतील येना या गावी हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या डोक्यावरून या विजेचा पहिला आलेख घेतला. पाच वर्षे पुन्हा पुन्हा पडताळून १९२९ साली तो प्रसिद्ध केला, तरी पुष्कळांना तो खरा वाटेना. आजही पद्धत मुळात तीच आहे. डोक्याच्या कातडीवर मलम लावून धातूच्या लहान चकत्या चिकटवायच्या आणि तारा यंत्राला जोडायच्या. सुई टोचायची नाही, की बाहेरून वीज सोडायची नाही.

अडचण निराळीच आहे. टॉर्चमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो. त्या दीड व्होल्टचे पंधरा लाख भाग करा. आवाज कानातून मेंदूकडे निघाला म्हणजे वाटेत जी खूण उमटते ती त्यातल्या एका भागाहूनही कमी भरते. आणि मेंदूची नेहमीची वीज तिच्या कितीतरी पट जोरात चाललेली! बाजारच्या गलबल्यात कुणी कुजबुजावे, तसे.

यावर तोड निघाली ती बेरजेची. शिक्षकबंधूंना हे चटकन पटेल. शंभर पातळ कागद घ्या. प्रत्येकावर शाईचे वेडेवाकडे शिंतोडे आहेत, आणि एकाच ठरावीक जागी एक फिकट ठिपका आहे. एक कागद पाहिला तर ठिपका दिसणार नाही. शंभर कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. शिंतोडे पसरून नुसता धुरकट रंग दिसेल आणि ठिपका मात्र गडद होईल. तसेच एकच 'टिक्' आवाज हजार-दोन हजार वेळा कानात द्यायचा आणि प्रत्येक टिक् नंतरच्या लहरींची बेरीज करायची. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी अशी बेरीज करण्याची रीत १९५१ साली दाखवली. आता ते काम संगणक करतो.

अमेरिकेतील ज्युएट आणि विलिस्टन यांनी १९७१ साली या रीतीने टिक् नंतरच्या पहिल्या दहा सहस्रांश सेकंदांचा नकाशा मांडला. पहिला उंचवटा कानाच्या मज्जातंतूचा. पाचवा येतो साडेपाच-सहा सहस्रांश सेकंदांनी, तोवर आवाज मेंदूच्या देठात वरपर्यंत चढलेला असतो. हीच ती परीक्षा. आपल्याकडे तिला 'बेरा' म्हणतात. वर्गात हाक मारल्यावर वळून न पाहणाऱ्या एखाद्या मुलाला तुम्ही तपासायला पाठवले असेल, तर त्याच्या कागदावर हेच उंचवटे तुम्ही पाहिले असतील. मूल झोपलेले असताना ही परीक्षा करतात, आणि ती नीट होते. यातच सारे आले. ज्या परीक्षेला माणूस जागा असण्याची गरज नाही, ती परीक्षा तो जागा आहे की नाही हे कशी सांगणार? माझ्या भावाच्या बाबतीत आवाज देठापर्यंत चढत होता. वरच्या थरात त्याचे काय होत होते, ते त्या कागदावर नव्हतेच.

वरच्या थराला विचारायचे तर प्रश्न बदलावा लागतो. पूर्वी विहिरीवर ऑइल इंजिन धडधडत असे आणि शेतकरी शेजारीच खुशाल घोरत पडे. इंजिनाचा ठेका चुकला की मात्र ताडकन उठून बसे. ठेका ऐकत कोण होते? मेंदूच. फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्तो नॅटानेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली हीच गोष्ट आलेखावर दाखवली. एकसारखे टक टक टक आवाज द्यायचे आणि मध्येच एखादा निराळा. मेंदू मागचे ध्यानात ठेवीत असेल तर निराळ्या आवाजानंतर साधारण दीड-दोन दशांश सेकंदांत एक जादा लहर उमटते. ऐकणाऱ्याने लक्ष दिले पाहिजे असेही नाही.

फ्रान्समधील लियों येथे कॅथरीन फिशर आणि त्यांचे सहकारी यांनी कोमातल्या रुग्णांवर ही परीक्षा वर्षानुवर्षे केली. २००४ साली त्यांनी ३४६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांच्यात ही लहर सापडली त्यांच्यापैकी बहुतेक जण जागे झाले. पण इथे घाई करू नका. ज्यांच्यात सापडली नाही त्यांच्यातलेही पुष्कळ जागे झाले! लहर आहे, ही आशेची खूण; लहर नाही, हा निकाल नव्हे. झोपेच्या औषधांनी ती दबते. मार लागून कानच फुटला असेल, किंवा माणूस आधीपासून बहिरा असेल, तरी ती येणार नाही. म्हणूनच आधी 'बेरा' करायची, मग पुढचे.

शिवाय एकदा पाहून भागत नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेल्या रुग्णांना पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी तपासले. २०१३ साली त्यांनी जे लिहिले ते चटका लावणारे आहे. पहिल्या दिवशी आवाजातला फरक ओळखणारे मेंदू पुढे दगावलेल्यांतही होते. पहिल्यापेक्षा दुसऱ्या दिवशी ज्यांची ओळख सुधारली, ते जागे झाले.

स्वतःच्या नावाचे काय, असे तुम्ही विचाराल. काकीचाही हाच प्रश्न होता. नाव ऐकल्यावर निराळी लहर येते, हे खरे. पण ती झोपलेल्या निरोगी माणसातही येऊ शकते, तेव्हा नाव ओळखले म्हणजे शुद्ध आली असे म्हणता येत नाही. त्यापेक्षा पक्की परीक्षा आज्ञेची. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१९ साली अशा १०४ रुग्णांची हकिगत दिली, ज्यांच्या मेंदूला नुकतीच इजा झाली होती आणि जे सांगितलेले काहीच करीत नव्हते. त्यांच्या कानात सांगायचे, 'उजवा हात उघडझाप करीत राहा', मग 'थांबा', पुन्हा 'करा'. हात निपचित. पण १६ जणांच्या मेंदूचा आलेख 'करा' आणि 'थांबा' यांप्रमाणे बदलत होता. वर्षानंतर या १६ पैकी ७ जण निदान आठ तास कुणाच्या मदतीवाचून राहू शकत होते. ज्यांचा आलेख बदलला नव्हता अशा ८४ जणांची तीच नोंद घेतली, त्यांत असे १२ निघाले. २०२४ साली अनेक इस्पितळांची एकत्र नोंद आली. त्यात शरीराने आज्ञा न पाळणारे २४१ होते आणि त्यांतल्या ६० जणांचा मेंदू ती पाळत होता. चारांत एक!

ही आज्ञेची परीक्षा गावोगावच्या इस्पितळांत होत नाही, आणि उद्या होईल असे सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. पण कागद हातात आला की डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: ही परीक्षा कानाची, देठाची की वरच्या मेंदूची? त्या वेळी झोपेचे औषध चालू होते का? पुन्हा कधी करणार? आम्ही यांतले एकही विचारले नाही.

काकी अजून मधूनच विचारते, 'त्याला ऐकू येत होतं ना रे?' मी म्हणतो, 'काकी, आवाज आत पोचत होता. त्याला कळत होतं का, ते त्या कागदात नव्हतं.' ती थोडा वेळ गप्प बसते. मग म्हणते, 'मी तर गायीचंच सांगत होते. जमिनीचं तुम्ही बोललात.'