रक्तदाब आणि रसपरित्याग



उच्च रक्तदाब हा केवळ शहरी सुखवस्तूंचा विकार नव्हे. वाढते वय, आनुवंशिकता, स्थूलता, तंबाखू, मद्य आणि अति मीठ ही त्याची कारणे जिंतूर-सेलूच्या खेड्यांतही आहेतच. लक्षणे बहुधा दिसत नाहीत. म्हणून रक्तदाब नियमित मोजावा. तो वारंवार १४०/९० किंवा अधिक भरल्यास उपचार घ्यावेत.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविते. निर्व्यसनी, शाकाहारी घरातही पापड-लोणच्यांमुळे ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. रसपरित्याग तपात मीठही त्याज्य रसांत गणले आहे. तो संयम पर्वाबाहेरही पाळावा.

मात्र उपवासात रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये. व्रतापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या देहावरील दयाही अहिंसेतच मोडते.

जय जिनेंद्र!