क्लचमधील हवा



मोटारीच्या पोटांत काय चालतें याची पंचाईत न करतां ती हांकणारे लोक पुष्कळ असतात, आणि त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु जुनी मोटार बाळगणाऱ्याला एवढी बेफिकिरी परवडत नाहीं. मला हें इंग्लंडांत समजलें. अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत एम. जी. बी. नांवाच्या ज्या लहान मोटारी तयार झाल्या, त्यांपैकीं एक मीं तेथील वास्तव्यांत जुनी म्हणून विकत घेतली होती. एके संध्याकाळीं शेफील्डच्या एका सपाट चौकांत तांबड्या दिव्यापाशीं पहिला गिअर टाकून, क्लच पुरता दाबून मी उभा होतों, आणि गाडी आपणहून पुढें सरकूं लागली. समोरून एक वृद्ध बाई काठी टेकीत रस्ता ओलांडीत होत्या. मीं ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलें. बाईंना कांहीं कळलेंहि नाहीं. माझे हात मात्र घरीं पोहोंचेपर्यंत कांपत होते.

इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध पाहिजे तेव्हां तोडणें, हें क्लचचें काम. कित्येक गाड्यांत पायाचा जोर तारेनें किंवा दांड्यानें पोंचवितात. या गाडींत तें काम तेलाकडे सोंपविलेलें असतें. पेडलजवळ एक लहान सिलिंडर असतो, त्याला मास्टर म्हणतात. गिअरपेटीच्या बाजूला दुसरा असतो, तो स्लेव्ह. मध्यें बारीक नळी, आणि सर्वत्र ब्रेकचें तेल भरलेलें. कोंडलेल्या तेलावर पडलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोंचतो, हा पास्कालचा सतराव्या शतकांतील नियम येथें कामीं येतो. तेल दाबानें आकसत नाहीं. हवा मात्र सहज दबते. नळींत थोडे बुडबुडे अडकले कीं पेडलाची निम्मी चाल त्यांना दाबण्यांतच खर्च होते आणि क्लच अर्धवट सुटतो. मग मागचा गिअर टाकतांना करकर होते, किंवा माझी गाडी सरकली तशी गाडी सरकते.

मीं गाडी एका दुरुस्तीच्या कारखान्यांत नेली. तेथें हवा काढून दिली, पैसे घेतले. पंधरा दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. पुन्हां हवा काढली, पुन्हां पैसे. माझें म्हणणें एवढेंच कीं, हवा काढणें हा उपचार नव्हे. ती शिरली कोठून हें आधीं शोधलें पाहिजे. क्लचचें तेल पेट्रोलसारखें जळून संपत नाहीं. टाकींतलें तेल उतरलें असेल, तर तें कोठें तरी गळालें आहे.

शेजारीं एक पेन्शनर गृहस्थ राहत. पाना हातीं धरण्यापूर्वीं त्यांनीं सर्व नीट पाहून घेतलें. टाकींतलें तेल अर्ध्यावर आलें होतें आणि शाईसारखें काळें होतें. हा काळेपणा बहुधा झिजलेल्या रबराचा असतो. मग त्यांनीं पेडलाचा वरचा भाग आणि पायाखालचा गालिचा चाचपला. मास्टर बाहेर गळत असता तर ओल तेथें लागली असती. नंतर आमच्या सौ.ना क्लच दाबावयास बसविलें आणि आम्ही दोघे खालीं शिरलों. अर्थात् गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवून आणि चाकांना दगड लावून; नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीं गाडीखालीं जाऊं नये. स्लेव्हचा दांडा सुमारे अर्धा इंच सरकावयास हवा होता, तो पाव इंचहि सरकेना. पेडल भराभर चार वेळां दाबल्यावर चाल वाढली, म्हणजे आंत हवा होतीच. (पेडल दाबून धरलें असतां हळूहळू बुडूं लागलें आणि बाहेर कोठेंहि ओल नसेल, तर मास्टरमधील रबर आंतल्या आंत तेल सोडीत आहे असें समजावें. दांडा पुरता सरकूनहि गिअर करकरला, तर दोष खुद्द क्लचमध्यें असावा. तेथें हवा काढीत बसणें व्यर्थ.) अखेरीस त्यांनीं स्लेव्हच्या तोंडावरची रबरी टोपी मागें सारली, तों आंतलें तेल त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलें. दोनदां हवा काढणाऱ्यांनीं ती टोपी एकदांहि उचललेली दिसत नव्हती! शिवाय पेडलाला मास्टरचा दांडा जोडणारी खीळ झिजून अर्धी झाली होती. तेथें हरवलेली चाल कितीहि हवा काढली तरी परत येत नाहीं.

नवें रबर आणि नवी खीळ घातल्यावर मग हवा काढण्याची पाळी आली. टाकी कांठोकांठ भरावी. स्लेव्हच्या वरच्या बाजूस एक निपल असतें, त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचें दुसरें टोंक थोडें तेल घातलेल्या बाटलींत बुडवून ठेवावें. निपल सैल करतांच सहाय्यकानें पेडल सावकाश तळापर्यंत दाबून तेथेंच धरावें. निपल बंद झाल्यावरच पाय उचलावा. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा उलट आंत ओढली जाते. आमच्या सौ. दोनदां घाईनें पाय उचलून मोकळ्या झाल्या आणि आम्हांला आरंभापासून सुरुवात करावी लागली. बुडबुडे यावयाचे थांबेपर्यंत हें चालूं ठेवावें, मात्र टाकी रिकामी होऊं देऊं नये. जेथें नळी वळसा घेऊन वर चढते तेथें हवा हटून बसते. तेव्हां खालच्या निपलांतून तेलाच्या पिचकारीनें वर तेल चढवावें. हवेला वर जाणें आवडतें, तिला तिच्या मार्गानें जाऊं द्यावें.

तेल गाडीला सांगितलेलेंच घालावें. इंजिनाचें तेल चुकूनहि घालूं नये, त्यानें आंतील रबर फुगतें. बाटलींत निघालेलें तेल पुन्हां वापरूं नये. हें तेल हवेंतील ओल शोषतें, रंगावर सांडलें तर रंग उठवितें, आणि तें विषारी आहे. मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

पुढील आठवडाभर रोज सकाळीं मी टाकी उघडून पाहत होतों. रेघेवरचें तेल हललें नाहीं. आठव्या दिवशीं त्याच चौकांत, त्याच दिव्यापाशीं पहिला गिअर टाकून क्लच दाबला. गाडी जागची हलली नाहीं. मग गिअर मोकळा करून पाय काढून घेतला, कारण शेजाऱ्यांनीं तेंहि बजावलें होतें: या गाडींतील क्लचचें बेअरिंग कार्बनचें असतें, आणि दिव्यापाशीं क्लच दाबून उभें राहण्याच्या माझ्या संवयीनें तें लौकर झिजलें असतें.