अम्मीचा बधना

आमच्या गच्चीवर अम्मीचा बधना पडून होता. बधना म्हणजे वजूसाठी वापरतात तो तोटीचा तांब्या. हा हिरव्या प्लॅस्टिकचा. अम्मी गेल्यावर मी तो वर नेऊन ठेवला. नागपूरचे तीन उन्हाळे त्यानं सोसले. गेल्या पावसाळ्यात उचलायला गेलो, तर पापडासारखा मोडला. साचलेल्या पाण्यातले तुकडे बोटांना बुळबुळीत लागले. मी सगळा चुरा खराट्यानं पन्हाळीत लोटला.

नंतर त्या बुळबुळीविषयी वाचलं आणि मनाला चुटपुट लागली.

उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. वरच्या भागाला तडे जातात, तो खरखरीत होतो. वेलीला जशी खडबडीत भिंत सोयीची, तसा जिवाणूंना हा तुकडा. पाण्यात पडला की ते त्याला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात. मागून शेवाळ येतं, बुरशी येते, त्यांना खाणारेही येतात. डोळ्यांना न दिसणारा एक मोहल्लाच वसतो. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली अटलांटिक महासागरातल्या तुकड्यांवरच्या अशा वस्तीला ‘प्लॅस्टिस्फीअर’ म्हटलं.

मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, मग तेच प्लॅस्टिक खाऊन टाकतील की!’’ जपानी शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये बाटल्यांचं प्लॅस्टिक पचवणारा जिवाणू जगापुढे आणला, हे खरं. पण बादल्या-मगांचं प्लॅस्टिक वेगळं, फार चिवट. त्यावरचे बहुतेक जीव नुसते भाडेकरू. ते घर खात नाहीत, घराबरोबर प्रवास करतात. त्यांत कधी रोगजंतू असतात, कधी औषधांना दाद न देणारे जिवाणूही.

आमची पन्हाळ नाल्यात उतरते, नाला नाग नदीत. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वाटेत गोसीखुर्दचं धरण, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि समुद्र. नागपूरनं तर हे पाणी उलटं येतानाही पाहिलंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं.

नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी जपून घ्या, असं अम्मी सांगायची. तिच्याच बधन्याचा चुरा मी पाण्यात सोडला. तो आता वेचता येणार नाही. म्हणून एवढंच सांगतो: गच्चीवरची जुनी बादली, फुटका मग उन्हात भुरभुरीत होण्याआधीच भंगारवाल्याला देऊन टाका. अख्खी वस्तू उचलता येते, भुगा उचलता येत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)