स्कोअररची खुर्ची

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘तुम्ही खेळावर बोला’ असं मला सांगितलं तेव्हा आमच्या घरी सगळे हसले. पंचवीस वर्षांत या सोसायटीच्या एकाही मॅचमध्ये मी बॅट धरलेली नाही. पण एकाही मॅचचा स्कोअर माझ्याशिवाय लिहिला गेलेला नाही. बी विंगच्या जिन्याजवळ प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर वही आणि कॅलिपर लावलेला डावा पाय लांब केलेला, हे माझं ध्यान तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पोलिओ झालेल्या पोराला गल्लीत दोनच जागा असायच्या, स्कोअरर नाहीतर अंपायर. लहानपणी मला तो मान वाटायचा. तक्रार नाही करत. खेळायला घ्या असं मीही कधी म्हटलं नाही.

गेल्या 26 जानेवारीला मात्र एक गोष्ट घडली. आमच्याच मजल्यावरची एक मुलगी, व्हीलचेअरवर असते. (तिला आणि तिच्या आईला विचारूनच सांगतोय.) कोणीतरी प्रेमानंच मला म्हणालं, “काका, आज वही हिला द्या, तिचाही वेळ जाईल.” मी दिली. तिनं सुंदर अक्षरात स्कोअर लिहिला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी वाचायला लागलो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मणक्याला इजा झालेला सैनिक फार दिवस जगत नसे. पाठीला जखमा व्हायच्या, लघवीचा संसर्ग व्हायचा, की संपलं. जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला अशा रुग्णांचा विभाग सुरू केला आणि खेळ हा उपचाराचाच भाग केला. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथं 16 जणांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. 1960 साली रोमला 23 देशांचे 400 खेळाडू आले. आज त्यालाच आपण पॅरालिंपिक म्हणतो.

त्यात आपला माणूस फार लवकर पोचला होता. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सिंग करायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि पोहायला लागले. 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 37.33 सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक! पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 साली. मधली सेहेचाळीस वर्षं आपण काय करत होतो? मी तरी स्कोअर लिहीत होतो.

अलीकडे चित्र भराभर बदललं. 2016 साली रिओला भारताची 4 पदकं होती, टोकियोला 19 झाली, 2024 साली पॅरिसला 29. त्यातलं गोळाफेकीचं एक रौप्य सांगली जिल्ह्यातल्याच सचिन खिलारींचं, 16.32 मीटर. त्यांचा गट एफ 46. एफ म्हणजे फील्ड, म्हणजे फेकीचे प्रकार, आणि आकडा कमतरतेचा प्रकार सांगतो. हात अधू असलेला त्याच तऱ्हेच्या खेळाडूंशी लढतो. दया नाही, वजनी गटातल्या कुस्तीसारखाच हिशेब.

मला सगळ्यात आवडले ते नियम. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्पे चालतात. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलचं पुरुषांचं नेट फक्त 1.15 मीटर उंच असतं, सतरंज्या टाकून आपल्या पार्किंगमध्येही जमेल. आणि टेबल टेनिस तर जवळजवळ तेच. फक्त व्हीलचेअरवाल्याला केलेली सर्व्हिस टेबलाच्या बाजूनं बाहेर गेली तर ती परत करावी लागते. टोकियोला गुजरातच्या भाविना पटेल यांनी त्यातच रौप्य मिळवलं. त्यांनाही लहानपणी पोलिओ झाला होता. ती फायनल मी टीव्हीसमोर उभं राहून बघितली, आणि मला उभं राहणं सोपं नाही.

टेबल आपल्या हॉलमध्ये आहे. हॉलच्या दारात तीन पायऱ्या आहेत. मी मोजल्या, मिळून अठरा इंच. व्हीलचेअरच्या उताराला एका इंचाला बारा इंच लांबी धरतात, म्हणजे अठरा फूट. जागा आहे, पण तिथं कुंड्या आणि दोन स्कूटर आहेत. एक स्कूटर माझीच, ती उद्या हलवतो. दुसरी कोणाची हे मला माहीत आहे, ते समोरच बसलेत. रौप्यमहोत्सवी निधीतून कमान करायची असं चाललंय. त्याऐवजी हा उतार घ्यावा, एवढा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. अनुमोदक लागेल.

आणि हो, पुढच्या 26 जानेवारीसाठी स्कोअरर दुसरा बघा. आम्हा दोघांचीही नावं टेबल टेनिसला आहेत.