दोन पेट्यांतील चित्रें

संकट आलें म्हणजे माणूस प्रथम ज्या गोष्टी बाजूस सारतो त्यांत चित्र, गाणें, भरतकाम यांचा नंबर वरचा असतो. घरांत दुखणें आलें, नोकरी गेली, कीं तंबोऱ्यावर खोळ चढते व रंगांच्या वड्या डब्यांतच सुकून तडकतात. ‘जीव टांगणीस लागला असतां चित्रें कसलीं काढतां?’ हा प्रश्न व्यवहारी माणसाचा आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर तर्कानें शोधण्यापेक्षां, जेथें जीव टांगणीस लागण्यास पुरेपूर कारण होतें अशा एका ठिकाणीं काय घडलें तें पाहणें बरें.

प्राग शहराच्या उत्तरेस सुमारें साठ किलोमीटरांवर तेरेझीन नांवाचें एक तटबंदीचें गांव आहे. सम्राट दुसरा जोसेफ यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस तें वसविलें व त्यास आपल्या आईचें, मारिया तेरेझाचें, नांव दिलें. शत्रूला बाहेर थोपविण्यासाठीं बांधलेल्या या तटांचा उपयोग नाझी सत्तेनें 1941 सालीं नेमका उलटा केला. त्यांच्या आंत यहुदी लोकांना कोंडलें. युद्ध संपेपर्यंत एक लक्ष चाळीस हजारांहून अधिक माणसें तेथें आणलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें तेहतीस हजार तेथेंच उपासमारीनें व रोगराईनें मेलीं. सुमारें अठ्ठ्याऐंशी हजारांना आगगाडीनें पूर्वेकडे धाडण्यांत आलें, तें बहुतेक मरणाकडेच.

1942 च्या डिसेंबरांत या गांवांत एक चित्रकार स्त्री येऊन दाखल झाली. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस हें तिचें नांव. फ्रीडलबाईंचा जन्म 1898 सालीं व्हिएन्नांत झाला. जर्मनींतील वायमार येथील बाउहाउस या नामांकित कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें होतें, आणि प्रागमध्यें असतां निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकविण्याचें काम त्यांनीं केलें होतें. तेरेझीनला जाणाऱ्यास पन्नास किलो सामान नेण्याची मुभा असे. अशा वेळीं मनुष्य ऊबदार कपडे घेतो, टिकाऊ खाद्य घेतो. बाईंनीं त्या पन्नास किलोंत चित्रकलेचें साहित्यहि बसविलें. हा हिशेब कोणाही व्यवहारी गृहिणीस चुकलेलाच वाटेल.

मुलांना लिहिणें-वाचणें, गणित शिकविण्यास तेथें बंदी होती. चित्रें काढण्यास व गाण्यास मात्र मज्जाव नव्हता. सत्ताधाऱ्यांना त्यांत धोका दिसला नसावा. मुलींच्या वसतिगृहांत बाईंचे तास सुरू झाले. कागद मिळेल तो. कचेरीचे वापरून टाकलेले छापील फॉर्म उलटून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मुलें काढीत, त्यांचे तुकडे कापून चिकटवीत. बाई प्रथम चित्र काढावयास सांगतच नसत. तालावर रेघा ओढावयाच्या, वळणें घ्यावयाचीं, म्हणजे भीतीनें आंखडलेला हात मोकळा व्हावा. मग कधीं थोर चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती दाखवाव्या, कधीं मुलांना मनांत येईल तें काढूं द्यावें. मोठ्यांनीं घाईघाईनें मुलांच्या चित्रांत आपलें शहाणपण घुसडूं नये, मुलांतून चित्रकार निपजविणें हा या तासाचा हेतु नव्हे, असें त्यांनीं 1943 सालीं तेथेंच दिलेल्या एका व्याख्यानांत आग्रहानें मांडलें. आपल्याकडील चित्रकलेचा तास म्हणजे फुलदाणीचीं दोन्ही अंगें सारखीं येईतों खोडरबर झिजविणें! त्या तासाला वाढलेल्या माणसास ही रीति काहींशी अजब वाटेल. पण तिच्यांत अर्थ आहे. बाईंचा एक मात्र कटाक्ष असे. प्रत्येक कागदावर मुलानें आपलें नांव लिहिलेंच पाहिजे. जेथें माणसाची ओळख एका क्रमांकावर येऊन ठेपली होती, तेथें हा कटाक्ष क्षुल्लक नव्हता.

मुलांनीं काय काढलें? फुलें, फुलपाखरें, डोंगर, परीकथांतील राजवाडे, टेबलाभोंवतीं बसलेलीं घरचीं माणसें. खाटांचे मजले, पहारेकरी, प्रेतयात्रा हेंहि आहे, पण थोडें. यास पळवाट म्हणणारे निघतील. परंतु ज्या मुलाला कोठें निजावें, काय खावें, आईजवळ राहावें कीं नाहीं, यांतलें कांहींच ठरवितां येत नाहीं, त्यास झाड डावीकडे काढावें कीं उजवीकडे एवढें तरी स्वतः ठरवितां येतें. तासभर कां होईना, तें मूल कोणाच्या तरी हुकुमाचें राहात नाहीं.

दुसरी वाटहि तेथेंच दिसते. हेल्गा वाइसोवा ही बारा वर्षांची मुलगी 1941 च्या डिसेंबरांत तेथें आली. तिनें बर्फाचा बाहुला करणाऱ्या मुलांचें चित्र काढून वडिलांकडे चोरून पाठविलें, तेव्हां त्यांनीं निरोप धाडला कीं, दिसतें तें काढ. मग तिनें रांगा, ढेकूण, भाकरी वाहून नेणारे प्रेतांचे गाडे असें शंभराच्या आसपास काढलें. एका नातलगानें तीं चित्रें भिंतींत चिणून वांचविलीं. हेल्गाहि वांचली व पुढें चित्रकार झाली. तिचे वडील परत आले नाहींत. फ्रीडलबाईंची वाट खरी कीं हेल्गाच्या वडिलांची, हा वाद घालण्यांत हंशील नाहीं. भिणाऱ्या मुलास दोन्ही वाटांवर हातांत पेन्सिल घेऊनच चालावें लागलें.

चित्रानें कोणाची भाकरी वाढली नाहीं, कीं कोणाचें नांव पूर्वेकडील गाडीच्या यादींतून गळलें नाहीं. 1944 च्या सप्टेंबरांत बाईंच्या पतीस त्या गाडीनें नेलें. बाईंनीं त्यांच्या मागोमाग जाण्यास आपण होऊन नांव दिलें. 6 ऑक्टोबरला त्या निघाल्या व आउशवित्सला पोंचल्यावर मारल्या गेल्या. पति मात्र वांचले. निघण्यापूर्वीं बाईंनीं मुलांचीं सुमारें साडेचार हजार चित्रें दोन पेट्यांत भरून मागें ठेविलीं. युद्ध संपल्यावर, 1945 सालीं, वसतिगृहाचे व्यवस्थापक विली ग्रोआग यांनीं त्या पेट्या प्रागला नेऊन यहुदी समाजाच्या स्वाधीन केल्या.

त्यांच्या प्रागमधील एक विद्यार्थिनी, एडिथ क्रामर, 1938 सालींच अमेरिकेस निघून गेली होती. न्यूयॉर्कमध्यें मन पोळलेल्या मुलांकडून चित्रें काढवून घेऊन त्यांस सांवरण्याची जी विद्या पुढें वाढली, तिच्या आद्य प्रवर्तकांत या क्रामरबाईंची गणना होते.

पेट्यांतील चित्रें आज प्रागच्या यहुदी संग्रहालयांत आहेत. त्यांतील कांहीं पिंकास नांवाच्या जुन्या प्रार्थनामंदिरांत मांडलीं आहेत. त्या मंदिराच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हियांतील सुमारें अठ्ठ्याहत्तर हजार मृतांचीं नांवें हातानें लिहिलेलीं आहेत. चित्रांच्या कोपऱ्यांतहि नांवें आहेत, तीं मुलांनीं स्वतः पेन्सिलीनें लिहिलेलीं. आणि कांहीं कागदांवर रंगांच्या फटींतून कचेरीचा छापील मजकूर अजून वाचतां येतो.