एक पुसू का?

 जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. मागच्या वेळी आपण गटाच्या वह्या कशा लिहायच्या ते बोललो. आज एकाच शब्दाबद्दल बोलू. तो शब्द आहे 'पुसणं'. फरशी पुसणं नव्हे, दुसरं. आपल्या आज्या म्हणायच्या ना, "जा, मामाला पुसून ये", ते पुसणं. म्हणजे विचारणं.

हा शब्द आज का काढला, ते आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे, आणि ती सांगायलाच हवी.

काही वर्षांमागची गोष्ट. एका गावात गटाची बैठक चालली होती. तालुक्याहून पाहुणे आले होते, म्हणून आम्ही जरा ताठ बसलो होतो. शेवटी आम्ही म्हणालो, कुणाला काही विचारायचंय का? मागं बसलेल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, "बाई, मला एक पुसायचं हाय." आम्ही हसून म्हणालो, "आजी, पुसायची फरशी. प्रश्न विचारायचा असतो." सगळ्या हसल्या. आजीपण हसल्या, पदर सावरला आणि खाली बसल्या. पुढं काही बोलल्याच नाहीत. पाहुण्यांची गाडी गेली, बैठक संपली.

चार-पाच महिन्यांनी गटात कर्जाची पाळी आजींची आली. त्यांना शेळी घ्यायची होती, आपली उस्मानाबादी. वही काढली, तर त्यांच्या नावावर दोन हप्ते थकलेले. नियमानं पाळी दुसरीला गेली. आजी म्हणाल्या, "मी तर भरलेत." शोधाशोध केली. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत त्यांनी दोन्ही हप्ते शेजारणीच्या हाती पाठवले होते. शेजारणीनं ते पोचवलेही होते. कच्च्या वहीत त्याची नोंद होती, पण पक्क्या वहीत ती चढवायची राहिली होती. चूक गटाची होती, आणि वह्या तपासायचं काम आमचं होतं.

आम्ही म्हणालो, "आजी, हे आधीच का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "उठले होते की पुसायला. तुमी माझा शब्दच काढून घेतला."

नोंद दुरुस्त झाली, पुढच्या खेपेला कर्जही मिळालं. पण त्यांच्या बोलण्यानं आम्हाला झोप येईना. आम्ही बी.ए.ला मराठी घेतलं होतं. घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली. तेव्हा कळलं की चूक आजींची नव्हती, आमचीच होती.

बायांनो, मराठीत 'पुसणं' हे क्रियापद एक नाही, दोन आहेत. हिंदीत ती वेगळी दिसतात. विचारण्याला पूछना म्हणतात आणि फडक्यानं पुसण्याला पोंछना. मराठीत दोन्हींचा उच्चार एकच झाला. विचारण्याचं पुसणं आलं संस्कृतातल्या 'प्रच्छ्' या धातूवरून. सरकारी कागदावर आपण वाचतो ना, 'पृच्छा करण्यात यावी', ती पृच्छा आणि आजींचं पुसणं एकाच घरातलं. एक कागदावर गेली तर तिला मान मिळाला. दुसरी चुलीपाशी राहिली तर तिला आम्ही हसलो.

आणि हा शब्द गेलाय कुठं? कुणी आजारी पडलं की आपण विचारपूस करतो. त्यातला 'पूस' म्हणजे हेच पुसणं. "म्हातारपणी कोण पुसतंय?" असं म्हणतो, तेही हेच.

आता जुन्या पुस्तकांत बघा. लीळाचरित्र हा मराठी गद्यातला सगळ्यात जुना मोठा ग्रंथ, साधारण १२७८ सालचा. म्हाइंभटांनी तो लिहिला. चक्रधरस्वामींचा सहवास ज्यांना लाभला, त्यांना भेटून, एकेक आठवण पुसून त्यांनी तो जमवला. म्हणजे मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथच पुसण्यातून उभा राहिला. त्यात पानोपानी 'पुसिलें' येतं. शिष्य पुसतात, स्वामी सांगतात.

या पुसणाऱ्यांत एक बाई फार पुढं आहे. तिचं नाव महदाइसा. आपण तिला महदंबा म्हणतो. बालपणीच वैधव्य आलेली ही बाई मराठीतली पहिली कवयित्री मानली जाते. तिचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, प्रसिद्ध आहेत. ती स्वामींना सारखी प्रश्न करायची. हे असंच का, ते तसं का? स्वामी तिच्यावर चिडले नाहीत. ती जिज्ञासक आहे, चर्चक आहे, काही ना काही पुसतच असते, असं त्यांनी तिच्याबद्दल कौतुकानं म्हटल्याचं लीळाचरित्रात आहे. आणि तिथं क्रियापद 'पुसणं' हेच आहे. आमच्या आजींचं.

आणखी एक. याच पंथातल्या एका विद्वान शिष्यानं संस्कृतात लिहायचं मनात आणलं. तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, असं त्यांचं म्हणणं होतं. सातशे वर्षांमागं एका आचार्याला म्हाताऱ्यांच्या भाषेची काळजी होती. आणि आम्ही भर बैठकीत एका म्हातारीला तिच्याच भाषेवरून गप्प केलं.

ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिथं गीतेची कथा सुरू होते तीच धृतराष्ट्राच्या पुसण्यानं. मुलांच्या मायेपोटी तो संजयाला रणांगणावरची हकिगत पुसतो. पुढं अर्जुन पुसत राहतो, म्हणून तर कृष्ण सांगत राहतो.

लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातलं तेर घ्या. गोरोबाकाकांची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. लहानग्या मुक्ताबाईनं काकांचं थापटणं बघितलं आणि हे कशाला, म्हणून पुसलं. मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, असं काकांनी सांगितलं. मग इथली मडकीही बघा की, असं ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून बघितलं आणि नामदेव कच्चे ठरले. तिथून नामदेव गुरूच्या शोधात निघाले आणि विसोबा खेचरांपाशी पोचले. हे सगळं एका पोरीच्या पुसण्यानं घडलं.

आता हे क्रियापद चालवून बघू. शाळेत चालवायचो तसं. मी पुसते. तू पुसतेस. ती पुसती. आपल्याकडं म्हणतात, ती पुसायलीय. उद्याचं असेल तर मी पुसीन. लेकीला सांगायचं तर पुस. जावेला सांगायचं तर पुसा. परवानगी मागायची तर पुसू का? जुन्या पोथीत हेच पुसे, पुसतसे, पुसिलें असं दिसतं.

यात एक गंमत आहे. 'मी पुसते' म्हटलं की कळतं, बोलणारी बाई आहे. 'मी पुसतो' म्हटलं की बाप्या. पण झालेल्या गोष्टीबद्दल बोला. तिनं प्रश्न पुसला. त्यानं प्रश्न पुसला. दोन्हीकडं पुसला. तिनं गोष्ट पुसली, त्यानंही पुसली. तिथं क्रियापद पुसणाऱ्याकडं बघतच नाही, पुसलेल्या गोष्टीकडं बघतं. म्हणजे एकदा पुसून झालं की बाई कोण, बाप्या कोण, हे मागं पडतं आणि प्रश्न उभा राहतो. अडतं ते फक्त पुसण्याआधी.

आणि दुसरं पुसणं, फडक्याचं? ते तर आपल्या हाताला लहानपणीच लागतं. ओटा पुस, ताट पुस, डोळे पुस. नवरा गेला की चारजणी मिळून कपाळावरचं कुंकू पुसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानंही परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. आपल्या ग्रामसभेत हा विषय आला का, हे आपणच पुसायचं आहे.

एक वाक्प्रचार आहे बघा, तोंडाला पानं पुसणं, म्हणजे फसवणं. जी पुसत नाही, तिच्या तोंडाला पानं पुसली जातात. कुणी म्हणतं, दोन टक्के व्याज आहे. पुसा, महिन्याचं की वर्षाचं? महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस. कुणी म्हणतं, इथं अंगठा करा. पुसा, कागदावर लिहिलंय काय? रक्कम कापली तर पुसा, कशापोटी? ग्रामपंचायत तोंडी सांगत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज आणि दहा रुपये शुल्क. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही माफ. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, सगळं नियमित. पुसणं हे सहावं सूत्र त्यात लिहिलेलं नाही. पण कुणी पुसलंच नाही तर हिशेबाची वही आमच्यासारखी कच्ची राहते.

त्या आजींच्या गटात आता एक रीत पडली आहे. बैठक संपवण्याआधी अध्यक्षा म्हणते, "कुणाला काही पुसायचंय?" मुद्दाम पुसायचंय, असंच म्हणते. पहिली पाळी वयानं सगळ्यात मोठ्या बाईची. ती कुठल्याही शब्दात बोलो, कुणी दुरुस्त करायचं नाही. आधी प्रश्न वहीत लिहायचा, मग उत्तर शोधायचं. आजींनी पहिल्याच दिवशी तीन प्रश्न पुसले. त्यातल्या दोहोंची उत्तरं आम्हाला आली नाहीत. पुढच्या बैठकीला आणून दिली.

तुमच्या गटात पुढच्या बैठकीला एवढं करून बघा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज रात्री त्यांच्यापाशी बसा आणि म्हणा, "आजी, एक पुसू का?"

येतो आम्ही. नमस्कार.