नितळ पाणी आणि निरोगी पाणी



दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडच्या माणसाला पाण्याबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी पेल्यात काचेसारखं दिसतं आणि पहिल्याच घोटाला तोंड खारट करतं. दिसायला स्वच्छ म्हणजे वापरायला चांगलं नव्हे, हे खारपाणपट्ट्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. घरातल्या फिश टँकपाशी आलो की मात्र आपण ते विसरतो. पाणी नितळ दिसलं की मासे मजेत आहेत असं समजतो, आणि गढूळलं की सगळी टाकी उपसून, खडी घासून, नळाखाली धुऊन पुन्हा भरतो. आज मला बोलायचं आहे ते या धुण्याच्या सवयीविरुद्ध.

नवी टाकी भरून मासे सोडले की दोन-चार दिवसांत पाणी दुधाळ होतं. घरात धावपळ सुरू होते, कुणी तुरटी आणतं, कुणी पाणीच बदलतं. हा दुधाळपणा मातीचा नसतो, तो जिवाणूंचा असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा यांवर जगणारे हे जिवाणू तासाभरातही दुप्पट होऊ शकतात. अन्न संपलं की तेही ओसरतात. आपण पाणी बदललं की त्यांना पुन्हा मोकळं रान मिळतं, आणि आठवड्याने तोच प्रकार.

खरी काळजी करायची ती न दिसणाऱ्या अमोनियाची. मासा तो कल्ल्यांवाटे सतत पाण्यात सोडत असतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. ही साखळी रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी 1890च्या सुमारास मातीच्या अभ्यासातून उलगडली. फिश टँकमध्ये दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो असं पुढे बरीच वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. 1998 साली अमेरिकेत टिमथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा सापडला. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. नवी टाकी स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात ते त्यामुळे. तोवर मासे मोजके ठेवावेत आणि खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकावं.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते खडीवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये चिकटून राहतात. महिनाभर चाललेला स्पंज हातात घेऊन पाहा. तपकिरी, बुळबुळीत, ओल्या मातीसारख्या वासाचा. पाहताक्षणी तो नळाखाली धरावासा वाटतो. धरू नका! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं त्यांनाच मारतं. टाकीतलंच पाणी बादलीत काढावं, त्यात स्पंज दोन-तीनदा हलका पिळावा आणि परत बसवावा. स्पंजमध्ये थोडा तपकिरी रंग राहिलाच पाहिजे.

बाकीचा गढूळपणा सोपा आहे. न धुतलेल्या खडीची धूळ दोन दिवसांत बसते. लाकडामुळे पाणी चहासारखं झालं तर माशांना अपाय नाही. हिरवं झालं तर टाकी खिडकीच्या उन्हातून हलवा, दिवा कमी वेळ लावा. सूक्ष्म जीव पाण्याचा रंग किती पालटू शकतात हे आपण 2020च्या जूनमध्ये लोणारला पाहिलंच. सरोवर गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जिवांमुळे.

तुरटीबद्दल मात्र निक्षून सांगतो. आपल्या काळ्या मातीचे कण इतके बारीक की पावसाळ्यातलं पाणी दिवसेंदिवस निवळत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्यात आपण तुरटी फिरवतो आणि ते योग्यच आहे. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याचे सात उपाय आहेत, त्यांत निवळीचं बी आहे आणि वस्त्रही. पण तुरटी काय, निवळी काय, गाळ खाली बसवतात. विरघळलेल्या अमोनियाला त्यांचा धक्काही लागत नाही. उलट तुरटीने पाण्याची आम्लता वाढते आणि कल्ल्यांना त्रास होतो. टाकीत ती नकोच.

आता आपल्या पाण्याचं. अमरावतीला अप्पर वर्धाचं पाणी, अकोल्याला काटेपूर्णेचं. अकोलेकरांना पाणी साठवून ठेवण्याची सवय आहेच, ती इथे कामी येते. उघड्या ड्रममध्ये दिवसभर राहिलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. वर कापड मात्र बांधा, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. असं पाणी आठवड्याला टाकीच्या पाव भाग बदलावं, एकदम सगळं नाही.

बोअरच्या पाण्याचं काय होतं ते पाहायचं तर मे महिन्यात कूलरच्या ताट्या बघा. पाणी उडून जातं आणि पांढरा थर मागे राहतो. टाकीतही तेच घडतं. उन्हाळ्यात पातळी रोज उतरते आणि आपण वरून बोअरचं पाणी ओतत राहतो. क्षार कुठे जात नाहीत, साठत जातात. आणि पाणी तर नितळच दिसतं! घट भरून काढायला आरओच्या कॅनचं पाणी चांगलं. सगळी टाकी मात्र त्यावर भरू नये, माशांना थोडे क्षार लागतात.

बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि तिथे अमोनिया जास्त घातक ठरतो. पाणी 25 अंशांवर असताना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो, पीएच 8 झाला की तो पाचांवर जातो. उष्णतेने तो आणखी वाढतो. त्यातच ऑक्सिजन घटतो: 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम मावतो, 35 अंशांना सातच्या आसपास. आपल्याकडचा मे कोरडा असतो हा त्यातला फायदा. झाकण काढून, वर जाळी टाकून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं.

दुपारी वीज गेली तर खाणं टाकू नका. थोड्या-थोड्या वेळाने मगाने टाकीतलं पाणी उचलून वरून धार सोडा, तेवढ्याने ऑक्सिजन मिळतो. फिल्टर बंद डब्याचा असेल आणि वीज काही तास आली नाही, तर आतलं पाणी कोंडून सडतं. वीज आल्यावर ते आधी बादलीत ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या आणि मगच बटण लावा.